किती फुगायचे, ते भट्टीत ठरते

मोटारगाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधल्या नळीत, पोलादी डब्यात बंद केलेला सिरॅमिकचा एक ठोकळा असतो. आडवा कापला तर आरपार गेलेली चौकोनी भोके दिसतात, एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६२. दोन भोकांमधली भिंत जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड. या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा लेप असतो आणि त्याला घासून जाताना इंजिनाचा विषारी धूर बराचसा निवळतो. हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. भारतात १९९५च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला.

या ठोकळ्याच्या वाट्याला काय येते ते पाहा. सकाळी तो हवेइतका गार असतो. गाडी सुरू झाली की मिनिटा-दोन मिनिटांत त्याच्यातून कित्येकशे अंशांचा धूर वाहू लागतो. घाट चढताना तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाते. मधला भाग आधी तापतो, कडा मागे राहतात. पावसाळ्यात तापलेला डबा डबक्यातल्या पाण्याने भिजतो. गाडी थांबली की सगळे पुन्हा गार. हे रोज आणि वर्षानुवर्षे चालते. चिनीमातीच्या कपाला असे एकदा वागवले तरी त्याचे तुकडे होतील. या ठोकळ्याच्या कागदाइतक्या पातळ भिंती मात्र टिकतात, कारण तापल्यावर त्या जवळजवळ फुगतच नाहीत.

हा न फुगण्याचा गुण कच्च्या मालात नसतो. ठोकळा बनतो तो केओलिन माती, शंखजिरे आणि ॲल्युमिना यांच्या मिश्रणातून. त्या मिश्रणाला हा गुण येतो भट्टीत, साधारण १,४०० अंशांच्या आसपास. भट्टी शंभर अंशांनी कमी राहिली तर रंगरूप तेच राहील, पण ठोकळा तडकणारा होईल. पन्नास-साठ अंशांनी जास्त झाली तर तो वितळून बसेल. भाजण्याचे तापमान आणि पुढे वापरात होणारे प्रसरण यांचे हे नाते कसे जुळते, ते या प्रकरणात पाहू.

आकडा वाचायचा कसा

प्रसरण मोजण्याची सोपी रीत अशी. एक मीटर लांबीची कांडी १,००० अंशांनी तापवली तर ती सरासरी किती मिलिमीटर वाढेल, हा आकडा म्हणजे तिचा प्रसरणांक. (शास्त्रीय भाषेत ‘दर अंशाला दहा लाखांत इतके भाग’ असे म्हणतात, आकडा तोच येतो.) साध्या पोलादाचा प्रसरणांक १२ च्या आसपास. मॅग्नेशियाचा १३, झिर्कोनियाचा १०, ॲल्युमिनाचा ८, म्युलाइटचा ५. खिडकीच्या काचेचा ९, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेचा ३.३, आणि शुद्ध सिलिकाच्या काचेचा अवघा ०.५.

धातूची कांडी फुगली आणि तिला जागा नसली तर ती वाकते. सिरॅमिकला वाकणे ठाऊक नाही. वस्तूचा एक भाग फुगला आणि शेजारचा फुगला नाही, की दोघांत ताण येतो आणि तो सोसण्यापलीकडे गेला की चीर पडते. ॲल्युमिना हे ताकदवान सिरॅमिक, पण तापवून एकदम पाण्यात टाकले तर २०० अंशांच्या आसपासचा फरकही त्याला भारी पडतो. उलट सिलिकाच्या काचेची नळी लालभडक तापवून पाण्यात बुडवली तरी ती शाबूत राहते. सिलिकाची काच काही ॲल्युमिनापेक्षा मजबूत नाही, ती फुगत नाही इतकेच. म्हणून उष्णतेचे धक्के खाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत कारागीर आणि अभियंते ताकदीच्याही आधी प्रसरणांक विचारतात.

भाजताना काय होते

सिरॅमिकची वस्तू सहसा ओतून करत नाहीत. भुकटी दाबून, किंवा ओल्या गोळ्याला आकार देऊन, मग ती भाजतात. या भाजणीला तांत्रिक भाषेत सिंटरिंग म्हणतात. पावसाळ्यात डब्यातल्या साखरेचा न वितळताच खडा होतो, तसेच काहीसे इथे घडते: कण वितळत नाहीत, पण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे चिकटतात. उष्णतेने अणू हलू लागतात, दोन कणांच्या सांध्यापाशी जमा होतात, सांधा जाड होतो, मधल्या पोकळ्या आक्रसतात. ॲल्युमिनाचा वितळणबिंदू २,०५० अंशांच्या आसपास, पण त्याची वस्तू १,५०० ते १,७०० अंशांतच दगडासारखी पक्की होते. या प्रवासात ती लांबी-रुंदीत १५ ते २० टक्के आटते. म्हणून साचा नेहमी मोठा करावा लागतो.

हे आटणे कायमचे असते. इंग्लंडच्या जोसाया वेजवुड या कुंभाराने १७८२ मध्ये त्याचाच तापमापक केला. मातीच्या ठरावीक मापाच्या छोट्या वड्या भट्टीत ठेवायच्या, बाहेर काढून निमुळत्या खाचेच्या पितळी पट्टीत सरकवायच्या. जितकी वडी आटली तितकी ती पुढे सरकते. त्या खुणांचे अंशांत केलेले रूपांतर फार चुकीचे निघाले, तरी कल्पना पक्की होती. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतले.

कायमचे आटणे आणि तापल्यावर तात्पुरते फुगणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली भट्टीत एकदाच घडते. दुसरी वस्तूच्या आयुष्यभर घडत राहते. पहिलीचा दुसरीवर परिणाम होतो का, हा आपला प्रश्न.

पोकळ्यांचा दोष नाही

पहिले उत्तर अनेकांना चकवते. कमी भाजलेल्या वस्तूत पोकळ्या जास्त राहतात, जास्त भाजलेलीत कमी. मग पोकळ वस्तू कमी फुगेल, कारण फुगणारा माल आतल्या रिकाम्या जागेत सामावेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तसे होत नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो. लोखंड फुगते, पण धावेचे भोक त्यामुळे लहान होत नाही, मोठेच होते. म्हणून तर ती लाकडी चाकावर बसते. भोकासह सगळी वस्तू एकाच प्रमाणात वाढते, जणू भोकातही तेच लोखंड भरलेले आहे. सिरॅमिकमधल्या सूक्ष्म पोकळ्यांचेही तसेच. त्या आपल्या भिंतींबरोबर मोठ्या होतात.

म्हणून शुद्ध ॲल्युमिनाच्या दोन कांड्या घेतल्या, एक १,४०० अंशांवर भाजलेली आणि खडूसारखी पाणी शोषणारी, दुसरी १,६५० अंशांवर भाजलेली आणि घट्ट, तर त्यांची ताकद, घनता, उष्णता वाहून नेण्याची क्षमता यांत मोठी तफावत दिसेल. प्रसरणांक मात्र दोघींचा ८ च्या जवळच. अणूंना बांधणारे बंध किती घट्ट आहेत यावर फुगणे ठरते, आणि भट्टीने ते बंध बदललेले नाहीत.

यातून एक उपयोगी नियम हाती लागतो. भाजण्याचे तापमान बदलल्यावर प्रसरणांक बदलला, तर आत पोकळ्यांखेरीज आणखी काहीतरी बदलले आहे असे समजावे. एक तर नवे स्फटिक तयार झाले किंवा जुने विरघळले, नाहीतर स्फटिकांची मांडणी बदलली, नाहीतर सूक्ष्म भेगा पडल्या. आता या गोष्टी एकेक करून पाहू.

गारगोटीची दोन रूपे

घरातल्या कपबशा, फरशा, वॉश बेसिन यांत गारगोटीची पूड, म्हणजे क्वार्ट्झ, असतेच. क्वार्ट्झ ५७३ अंशांना आपली स्फटिकरचना किंचित बदलतो आणि त्याच्या आकारमानात टक्क्याच्या आसपास उडी येते. तापताना वाढ, गार होताना घट. म्हणून भट्टी थंड करणारे कारागीर या तापमानापाशी घाई करत नाहीत. मोरबीच्या कारखान्यांत टाइल्स रूळांवरून सरकत साधारण १,२०० अंशांच्या भट्टीतून तासाभराच्या आत बाहेर पडतात, पण भट्टीच्या शेवटच्या टप्प्यात हा ५७३ अंशांचा पट्टा जपून पार करावा लागतो. नाहीतर टाइल वरून चांगली दिसते आणि कापायला घेतली की भलतीकडेच तडकते.

क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच. भट्टीचे तापमान चढत गेले की याच सिलिकाचे दुसरे रूप पुढे येते, क्रिस्टोबलाइट. बारीक दळलेली सिलिका असेल तर १,१०० अंशांच्या पुढे ते मातीच्या भांड्यात तयार होऊ लागते. क्रिस्टोबलाइटची उडी क्वार्ट्झपेक्षा मोठी, आकारमानात तीन टक्क्यांच्या घरात, आणि ती २०० ते २७० अंशांच्या दरम्यान येते, म्हणजे स्वयंपाकाच्या ओव्हनच्या टप्प्यात. ज्या भांड्यात क्रिस्टोबलाइट भरपूर, ते शेगडीवर ठेवू नये.

पण हाच खोडकर स्फटिक कुंभाराच्या कामालाही येतो. भांड्यावरचे ग्लेझ म्हणजे काचेचा पातळ थर. काच दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. गार होताना आतली माती ग्लेझपेक्षा कमी आकुंचन पावली तर ग्लेझ ताणले जाते आणि त्यावर केसासारख्या चिरांचे जाळे उमटते. कधी भट्टीतून काढल्यावर लगेच, कधी महिन्यांनी, जेव्हा सच्छिद्र माती हवेतला दमटपणा शोषून किंचित फुगते. अनुभवी कारागीर अशा वेळी ग्लेझला हात न लावता आतल्या भांड्याची पहिली भाजणी, म्हणजे बिस्किट फायरिंग, जास्त तापमानाला करतो. त्यामुळे क्रिस्टोबलाइट वाढते. दुसऱ्या भाजणीनंतर भांडे गार होताना २५० अंशांपाशी ते अचानक आटते आणि तोवर घट्ट झालेल्या ग्लेझला चहूबाजूंनी दाबून धरते. दाबलेले ग्लेझ तडकत नाही.

मात्र हे गणित एकाच दिशेने चालत नाही. मिश्रणात फेल्डस्पार हे खनिज पुरेसे असेल आणि भट्टी १,२०० अंशांच्या पुढे नेली, तर फेल्डस्पार वितळून काचेसारखा रस होतो आणि तो सिलिकाचे कण गिळू लागतो. क्वार्ट्झ विरघळतो, क्रिस्टोबलाइटला वाव राहत नाही आणि प्रसरणांक पुन्हा उतरतो. एकच माती: मध्यम भाजली तर जास्त फुगणारी, कडक भाजली तर कमी फुगणारी. ‘जास्त भाजले की प्रसरण वाढते’ किंवा ‘कमी होते’ असे सरसकट कोणी सांगितले तर ते कोणत्या मातीबद्दल आणि कोणत्या टप्प्याबद्दल, हे विचारले पाहिजे.

क्रिस्टोबलाइटची धास्ती अंतराळापर्यंत पोचली. १९८१ मध्ये उडालेल्या ‘कोलंबिया’ या पहिल्या स्पेस शटलच्या अंगावर सिलिकाच्या धाग्यांच्या ठोकळ्यांचे कवच होते. काचरूपातली सिलिका जवळजवळ फुगत नाही, म्हणूनच तिची निवड झाली. हे धागे साधारण १,२९० अंशांवर भाजून एकमेकांना जोडत. पण त्याच तापमानाला सिलिका स्फटिकरूप घेऊ शकते, आणि सोडियमची जराशी भेसळही या बदलाला चालना देते. क्रिस्टोबलाइट झाले की ठोकळ्याचा सगळा गुण गेला. म्हणून धाग्यांची शुद्धता ९९ टक्क्यांहून बरीच वर ठेवावी लागे. कण चिकटावेत इतकी उष्णता हवी, पण स्फटिक जमावेत इतकी सवड नको, अशी ती कसरत होती.

हेसच्या मुशी

जर्मनीतल्या हेस प्रांतात ग्रोसाल्मेरोडे नावाचे गाव आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून तिथल्या मुशी युरोपभर नावाजलेल्या होत्या. धातू वितळवणारे, टांकसाळीतले पारखी, किमयागार, सगळे त्याच मागवत. त्या अटलांटिक ओलांडून अमेरिकेतल्या वसाहतींपर्यंत गेल्या. इतरांनी नक्कल करून पाहिली, पण तशी मूस कुणाला साधेना, आणि हेसचे कारागीर आपली रीत सांगत नव्हते.

२००६ मध्ये ‘नेचर’मध्ये या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध झाला. मार्कोस मार्तिनोन-तोरेस, थिलो रेहरेन आणि इयन फ्रीस्टोन यांनी जुन्या मुशींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना आढळले म्युलाइट: ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे सुईसारखे स्फटिक, एकमेकांत गुंतलेले. हेसच्या कुंभारांकडे केओलिनची चांगली माती होती. तिच्यात ते वाळू मिसळत आणि मुशी १,१०० अंशांहून जास्त तापवत. त्या काळच्या नेहमीच्या आव्यात माती एवढी तापत नसे. कमी तापमानाला ती माती मातीच राहते. १,१०० अंशांच्या पुढे तिच्यात म्युलाइटच्या सुया वाढतात. म्युलाइटचा प्रसरणांक कमी, उष्णता सोसण्याची ताकद मोठी, आणि आम्ले किंवा वितळलेले धातू त्याला सहसा खात नाहीत.

शास्त्रज्ञांना म्युलाइटची स्वतंत्र ओळख पटली ती १९२० च्या दशकात. म्हणजे हेसच्या कारागिरांनी नाव नसलेला पदार्थ शेकडो वर्षे ठरवून बनवला. त्यांच्या हातात दोनच गोष्टी होत्या, माती निवडणे आणि भट्टी चढवणे. त्या दोन्ही त्यांनी अचूक साधल्या.

बोकारोच्या जळत्या खाणी

आता पुन्हा मोटारीकडे. अमेरिकेत १९७० मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून मोटारींना कन्व्हर्टर बसवणे भाग पडले. कॉर्निंग कंपनीतल्या रॉडनी बॅग्ली, अर्विन लॅचमन आणि रोनाल्ड लुइस यांनी त्यासाठी कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा तयार केला. कॉर्डिएराइट म्हणजे मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे ऑक्साइड ठरावीक प्रमाणात बांधलेले. त्याचा स्फटिक मोठा चमत्कारिक. तापवला तर दोन दिशांना किंचित फुगतो, प्रसरणांक साधारण ३, आणि तिसऱ्या दिशेला चक्क आटतो, उणे १ च्या आसपास. तिन्हींची सरासरी दीडच्या जवळ येते.

कॉर्डिएराइट थेट पोत्यात भरून मिळत नाही, ते भट्टीत घडवावे लागते. १,२०० अंशांपर्यंत केओलिनचे म्युलाइट झालेले असते, शंखजिऱ्याचे मॅग्नेशियम सिलिकेट आणि सुटी सिलिका झालेली असते, ॲल्युमिना आपल्या जागी असतो. इथे भट्टी थांबवली तर हाती येते पाच-सहा स्फटिकांची खिचडी, प्रत्येक जण आपापल्या मापाने फुगणारा. आणखी चढवली की हे सगळे एकमेकांशी प्रक्रिया करून कॉर्डिएराइट होऊ लागतात. १,४०० च्या आसपास ठेवून पुरेसा वेळ दिला की शिल्लक फारशी उरत नाही आणि प्रसरणांक उतरत उतरत तळाला येतो. त्यापुढे १,४६० च्या सुमाराला कॉर्डिएराइटच फुटून म्युलाइट आणि द्रव असे वेगळे होतात. सुरक्षित पट्टा एवढासाच. प्रसरण कमी हवे म्हणून भट्टी वर न्यायची, आणि ठोकळा खचू नये म्हणून वेळेत आवरायची.

यात आणखी एक युक्ती आहे. ओला गोळा साच्याच्या अरुंद फटींतून दाबून काढताना केओलिन आणि शंखजिऱ्याचे चपटे कण भिंतीशी समांतर आडवे पडतात. भाजताना त्यांच्यातून वाढणारे कॉर्डिएराइटचे स्फटिकही एका ढंगाने रांगेत लागतात, आणि त्यांची आटणारी दिशा बहुतेक वेळा भिंतीच्या प्रतलातच येते. त्यामुळे भोकांच्या दिशेने मोजलेला प्रसरणांक १ च्याही खाली जातो. पण या रांगेचा लाभ मिळतो तो भाजणी पुरी झाल्यावरच.

भट्टीत तयार होणाऱ्या कॉर्डिएराइटची रचना बहुधा षटकोनी असते. हे षटकोनी रूप निसर्गात सापडले ते भारतात, आजच्या झारखंडमधल्या बोकारोच्या कोळसाक्षेत्रात. तिथे जमिनीतले कोळशाचे थर पेटले, त्यांच्या धगीने वरचा गाळाचा खडक भाजून अर्धवट वितळला, आणि त्यात हे स्फटिक जमले. जपानच्या मियाशिरो आणि ईयामा यांनी १९५४ मध्ये त्याला इंडियालाइट हे नाव दिले. कारखान्यातल्या भट्टीची कृती निसर्गाने तिथे आधीच करून ठेवली होती: मातकट खडक, मोठी धग, आणि लवकर गार होणे.

भेगांची कमाई

भाजण्याच्या तापमानाचा प्रसरणावर सर्वांत ठळक परिणाम पाहायचा तर ॲल्युमिनियम टायटनेट घ्यावे. ॲल्युमिना आणि टायटेनिया समप्रमाणात मिसळून १,३०० अंशांच्या पुढे तापवले की ते तयार होते. त्याचा स्फटिक एका दिशेला उणे ३ ने आटतो, दुसरीत १२ ने फुगतो, तिसरीत २१ च्या आसपास. सरासरी १०, म्हणजे ॲल्युमिनाहूनही जास्त. तरीही या पदार्थाची ख्याती आहे ती अत्यंत कमी प्रसरणाबद्दल. हा विरोधाभास भट्टीत सुटतो.

साधारण १,४०० अंशांवर भाजलेल्या ॲल्युमिनियम टायटनेटचा तुकडा घ्या. त्यातले स्फटिककण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे लहान. गार होताना प्रत्येक कण वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा आटू पाहतो आणि शेजाऱ्यांशी ओढाताण करतो, पण कण लहान असल्याने ती ओढाताण तो सोसतो. तुकडा एकसंध राहतो, टिचकी मारली तर खणखणतो, आणि तापवल्यावर सरासरीच्या आसपास फुगतो.

आता तोच माल १,५५० अंशांवर भाजा. जास्त उष्णतेत मोठे कण लहानांना गिळून आणखी मोठे होतात. कणात साठणारी ताणाची ऊर्जा त्याच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, तर चीर पडायला लागणारी ऊर्जा त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात. आकार एका मर्यादेपलीकडे गेला की ताण जिंकतो. ही मर्यादा काही सहस्रांश मिलिमीटर इतकीच आहे. भट्टी गार होत असताना कणाकणांच्या सीमांवर असंख्य सूक्ष्म चिरा पडत जातात. संवेदनशील यंत्र लावले तर त्यांचा तडतडाट टिपता येतो. बाहेर आलेला तुकडा टिचकीला बद्द वाजतो.

हा तुकडा पुन्हा तापवला की कण फुगतात, पण बाहेरच्या बाजूला न वाढता आधी या चिरांच्या फटी भरून काढतात. बाहेरून मोजणाऱ्याला वाटते, हा फुगतच नाही. प्रसरणांक १ च्या आसपास, कधी शून्याच्याही खाली. बऱ्याच वर गेल्यावर चिरा मिटतात आणि मग आलेख एकदम चढतो. परत गार करताना तो त्याच वाटेने उतरत नाही: तुकडा आधी नेहमीसारखा आटत जातो, आणि काही शे अंशांवर चिरा पुन्हा उघडू लागल्या की गार होता होता चक्क वाढतो. चढण्या-उतरण्याच्या दोन वाटांमधले हे अंतर चिरांची साक्ष देते.

या कमाईची किंमतही मोजावी लागते. चांगल्या ॲल्युमिनाची वाकणताकद ३०० मेगापास्कलच्या पुढे असते. चिरांनी भरलेल्या ॲल्युमिनियम टायटनेटची अनेकदा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी. शिवाय ७५० ते १,२८० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ ठेवले तर ते पुन्हा ॲल्युमिना आणि टायटेनियात फुटते. ते रोखायला मॅग्नेशिया किंवा लोहाच्या ऑक्साइडची जोड देतात. तरीही जिथे वजन पेलायचे नसते आणि धक्के सोसायचे असतात, तिथे ते बिनतोड ठरते. ॲल्युमिनियमच्या ओतकामात वितळलेला धातू साच्यात चढवणाऱ्या नळ्या आणि डिझेल इंजिनाची काजळी अडवणाऱ्या काही गाळण्या याच मालाच्या असतात.

दाताची कॅप

आतापर्यंत प्रसरण कमी करण्याची धडपड पाहिली. दंतवैद्यकात काही वेळा नेमके उलट हवे असते. धातूच्या कॅपवर दातासारखे दिसणारे पोर्सिलेन चढवायचे तर दोघांचे आकुंचन जुळले पाहिजे. दाताच्या कामातल्या अशा मिश्रधातूंचा प्रसरणांक १४ च्या घरात, तर साध्या फेल्डस्पारी पोर्सिलेनचा त्याच्या निम्म्याजवळ. १९६२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या उपायाने हे जुळवले. पोटॅश फेल्डस्पार १,१५० अंशांच्या पुढे तापवले की त्यातून ल्यूसाइट नावाचा स्फटिक वेगळा होतो, आणि ल्यूसाइट २० च्याही वर फुगतो. काच आणि ल्यूसाइट यांचे प्रमाण साधले की पोर्सिलेनचा प्रसरणांक धातूच्या किंचित खाली आणता येतो. किंचित खाली हवा, कारण मग गार होताना धातू थोडा जास्त आटतो आणि पोर्सिलेन दाबाखाली राहते. ग्लेझला जे तत्त्व लागू, तेच इथे.

पण ल्यूसाइटचे प्रमाण कायमचे शिक्कामोर्तब झालेले नसते. दंतप्रयोगशाळेत रंग जुळवायला कॅप पुनःपुन्हा भट्टीत जाते. वारंवार भाजल्याने, विशेषतः फार सावकाश गार केल्याने, ल्यूसाइट कमी-जास्त होऊ शकते आणि जुळलेले गणित सरकते. म्हणून पोर्सिलेनचे उत्पादक किती अंशांना भाजायचे आणि कोणत्या गतीने गार करायचे, हे डब्याबरोबर लिहून देतात.

मोजताना होणारी फसगत

प्रसरण मोजणारे यंत्र डायलाटोमीटर. पेन्सिलीच्या तुकड्याएवढी कांडी छोट्या भट्टीत ठेवायची, तिला एक दांडी टेकवायची, आणि तापवत जाताना दांडी किती सरकते ते नोंदवायचे. ५० मिलिमीटरची ॲल्युमिनाची कांडी खोलीच्या तापमानापासून १,००० अंशांपर्यंत जाताना ०.४ मिलिमीटरच्या आसपास वाढते. ठोकळ्यातून भोकांच्या दिशेने कापलेली तेवढीच कॉर्डिएराइटची कांडी त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकी. एवढ्याशा फरकावर सगळा निवाडा असतो, म्हणून दांडीच्या स्वतःच्या फुगण्याचाही हिशेब वजा करावा लागतो.

फसगत होते ती अर्धवट भाजलेल्या नमुन्याने. समजा, कांडी १,१०० अंशांवर भाजली आहे आणि मोजणी १,३०० पर्यंत करायची आहे. १,१०० च्या सुमारापर्यंत आलेख नीट चढतो आणि मग अचानक खाली वळतो. पाहणाऱ्याला वाटते, पदार्थ आटू लागला, याचे प्रसरण उणे आहे. खरे तर मोजणीच्या भट्टीतच राहिलेले सिंटरिंग सुरू झालेले असते आणि कांडी कायमची लहान होत असते. तीच कांडी गार करून पुन्हा मोजली की दुसरा आलेख निराळा येतो. त्यामुळे जाणकार पहिल्या फेरीवर विसंबत नाहीत. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा आणि निदान दोनदा मोजतात. दोन्ही फेऱ्या जुळल्या आणि दोन्ही वाटा एकच निघाल्या तर पदार्थ स्थिरावला आहे. फेऱ्या जुळल्या पण वाटा वेगळ्या निघाल्या तर चिरांचा संशय घ्यावा. फेऱ्याच जुळल्या नाहीत तर भाजणी अपुरी आहे किंवा आत नवे स्फटिक तयार होत आहेत.

पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात ‘कॉर्डिएराइट’ किंवा ‘ॲल्युमिनियम टायटनेट’ या नावापुढे एकच आकडा छापलेला असतो, आणि तो नावाचा आकडा आहे असे आपण धरून चालतो. लोखंडाच्या किंवा शुद्ध ॲल्युमिनाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खपते. भट्टीत ज्यांचे स्फटिक घडतात किंवा चिरतात त्यांच्या बाबतीत खपत नाही. एकाच नावाच्या, एकाच रासायनिक सूत्राच्या दोन कांड्या, एक १० ने फुगणारी आणि दुसरी १ ने, दोन्ही अस्सल असू शकतात. म्हणून कारखान्यासाठी मूस, नळी किंवा जाळी मागवणाऱ्याने पुरवठादाराला पदार्थाचे नाव विचारून थांबू नये. किती अंशांवर भाजले, तिथे किती वेळ ठेवले, आणि प्रसरणांक कोणत्या तापमानापासून कोणत्या तापमानापर्यंत मोजला, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याच्याकडे या तिन्हींची लेखी उत्तरे आहेत, त्याच्याच आकड्यावर पुढचे आराखडे बेतावेत.